घुबडाचे कान

भोंगा वाजला की लेखकमहाशयांना उत्तर न दिलेलं ते पत्र आठवे. एका आईनं लिहिलं होतं : ‘माझी थोरली तुमच्या युद्धकथा वाचते. डोंगरी दलाचं ‘घार’ क्षेपणास्त्र उष्णतेच्या मागे जातं, दर्यावर्दी दलाचं ‘घुबड’ आवाजाच्या मागे, हे तिला तोंडपाठ आहे. आता इथे खरे भोंगे वाजतात, तेव्हा ती तान्ह्या भावाचं तोंड दाबून धरते. परवा तो काळानिळा पडला. माझं ती ऐकत नाही. घुबड खोटं आहे, एवढं तिला कळवाल का?’

“अहो, लिहून टाका ना एकदाचं, खोटं आहे म्हणून,” बायको म्हणाली. “किती कागद फाडणार?”

“मी ते मनानं रचलं, हे खरं. पण तसं कुणी बनवलंच नसेल, हे कशावरून?”

“इतकी अस्त्रं रचलीत, त्यातलं एक जरा बिघडवता येत नाही तुम्हाला?”

त्यांनी नवा कागद ओढला आणि एका दमात लिहिलं : ‘चिमणे, पुढच्या भागातलं गुपित तुला आधीच सांगतो. घुबडाला तान्ह्या बाळाचं रडणं ऐकूच येत नाही. बाळाला कुशीत घेऊन बसलेल्या बहिणीचा आवाजही नाही. तेव्हा त्याला खुशाल रडू दे, आणि तू गाणं म्हण.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी स्वतः पाकीट टाकलं. ते तळाशी धप्पकन आपटलं, तसे ते दचकले आणि घाईघाईनं वर आभाळाकडे पाहू लागले.