ओळखलंत ना?

पोस्टातून निवृत्त झालेल्या बाबांनी हातात मावणाऱ्या कन्सोलवर एकाच साहसी गेमचे दोन्ही भाग खेळून पाहिले आणि निकाल दिला, "पहिला झकास. दुसरा टाकाऊ."

"अहो, दुसऱ्यात बेट केवढं मोठं आहे! चित्रंही चांगली आहेत," मी म्हणाले.

"मोठं बेट काय चाटायचंय? पहिल्यात हीरो बेटावर नवखा असतो. जो भेटेल तो आधी आपलं नाव सांगतो, मग काम सांगतो. दुसऱ्यात हीरो परत येतो, तर जो तो गळ्यात पडतो. म्हणे, 'ओळखलंस ना?' आता तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी आपला सगळ्यांना 'हो' म्हणत सुटतो."

रोज सकाळी चहा देताना मीही त्यांना हेच विचारायचे. तेही लगेच 'हो' म्हणायचे, आणि मी निर्धास्त कामाला लागायचे.

दुसऱ्या दिवशी मी कप त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "मी तुमची धाकटी मुलगी. चहा आणलाय."

"हे आधी सांगायचं ना," बाबा म्हणाले, आणि सरकून त्यांनी मला सोफ्यावर जागा करून दिली.