दुसरी शिट्टी

"तुमच्याकडे म्हातारी माणसं एकटी राहतात, आमच्याकडे मुलांजवळ," द्वारकेतल्या फ्लॅटमधून कौस्तुभ ऑनलाइन मीटिंगमध्ये सांगत होता. स्वीडन आणि भारतातल्या वृद्धांची तुलना, हाच त्याचा प्रोजेक्ट. आपली आईही आपल्याजवळच असते, हे त्याने जाता जाता अभिमानाने सांगून टाकलं.

"पण एकत्र राहणं म्हणजे तुम्ही नेमकं काय धरता?" स्टॉकहोमहून इंग्रिडने विचारलं.

"सोपं आहे. नुसतं एका छताखाली असून भागत नाही. ज्यांचा स्वयंपाक एका चुलीवर होतो, ते एक कुटुंब. चूल वेगळी, तर कुटुंब वेगळं."

इतक्यात स्वयंपाकघरात त्याच्या बायकोच्या, कृतिकाच्या कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ बाल्कनीतून दुसरी, जरा बारीक. दिवाळीत सासूसुनेचं बिनसलं, तेव्हापासून आई आपल्यापुरता भात तिथल्या छोट्या शेगडीवर लावत होती.

इंग्रिड हसली. "दोन-दोन कुकर? बरंच मोठं कुटुंब दिसतंय तुमचं."

"हो," एवढंच म्हणून कौस्तुभ उठला आणि आईकडे न बघता त्याने बाल्कनीचं दार लावून घेतलं.