चार पेडांची वेणी

प्रिया बोटीत बसली, पाय बोटीतच जडवलेल्या बुटांत अडकवले, आणि मागच्या सीटवरून जाईला तिची पाठ दिसली. रोज डावी-उजवीकडे उडणारी पोनीटेल आज नव्हती. मानेपासून खाली घट्ट उतरलेली वेणी होती. चार पेडांची.

"ही कुणी घातली?" जाईने विचारलं.

"तुझ्या आईने. सकाळी, पार्किंग लॉटमध्ये. मी म्हटलं, काकू, पोनीटेल इज फाइन. तर म्हणाल्या, गप बस गं, हलू नकोस." प्रिया हसली. "व्हाय? भयाण दिसतेय का?"

"नाही. छान दिसतेय."

तीन पेडांची वेणी कुणीही घालतं. चार पेडांची मात्र आई एकीलाच घालायची, रेसच्या सकाळी, व्हॅनच्या दारात बसवून. ऊर्मीताईला. डिसेंबरात बर्फावरून गाडी घसरली आणि ताई गेली. त्यानंतर आईने घरात तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

वल्ही मारत दोघी स्टार्टकडे निघाल्या. या खेळात सगळं उलटंच. जायचं तिकडे पाठ, आलो तिकडे तोंड. त्यातून जाई मागच्या सीटवर, म्हणजे तिला समोरचीचा चेहरा कधी दिसायचाच नाही. दिसायची ती फक्त पाठ. ताईची पाठ तिला इतकी पाठ होती, की ताई दमली, चिडली, हसली, सगळं खांद्यांवरून कळायचं. मे महिन्यापासून ताईच्या जागी मिल्टन गावची ही प्रिया येऊन बसली होती. बडबडी, दांडगी, आणि वेगवान.

आणि तिथेच घोळ होता. ताई वल्ही पाण्यात टाकायच्या आधी श्वासभर थांबायची. प्रिया थांबत नसे. जाई अजून थांबायची. मग वल्ही मागेपुढे पडायची आणि बोट प्रत्येक वेळी जराशी अडखळायची. कोचने काल सरळ सांगून टाकलं होतं. राष्ट्रीय स्पर्धा आहे, हीटमधून पहिल्या दोनच बोटी फायनलला जातात. नाही गेलात तर ही जोडी मोडायची, प्रियाला दुसऱ्या बोटीत बसवायचं.

जाईला बोट सोडायची नव्हती. घरी ताईच्या खोलीचं दार बंद असायचं. ताईच्या मागे बसायला एवढीच एक जागा उरली होती.

स्टार्टच्या तराफ्यावर एक स्वयंसेवक आजोबा पालथे पडून बोटीचं टोक धरून होते. "गुड लक, लेडीज," ते म्हणाले.

प्रियाने मान न वळवता हळूच म्हटलं, "जाई, ऐक ना. आज वाट बघू नकोस, प्लीज."

"कुणाची?"

"तेच तर मी मेपासून विचारतेय, यार."

लाल दिवा हिरवा झाला. सहा बोटी एकदम सुटल्या.

अर्ध्या अंतरापर्यंत तीन बोटी मागे पडल्या. त्या तिन्ही समोर दिसत होत्या, त्यांतल्या मुलींच्या पाठी वाकलेल्या. पुढच्या दोन मात्र दिसत नव्हत्या. या खेळात पुढे गेलेलं कुणी दिसतच नाही. त्यांच्या वल्ह्यांनी पाण्यात पाडलेले भोवरे तेवढे शेजारून फिरत फिरत मागे जातात. जाईच्या दोन्ही बाजूंना भोवरे होते. म्हणजे तिसऱ्या. म्हणजे संपलंच.

"जाई! लेट!" प्रिया ओरडली.

जाई ऐकत होती. पण समोर ती वेणी होती. वेणी मागे येई, पुढे जाई, आणि जाईचे हात आपोआप थांबत. बोट अडखळे.

मग काठ आला. तंबू, झेंडे, घंटा बडवणारी माणसं, चार-पाच क्लबांचा एकच कल्ला. आणि त्या सगळ्या कल्लोळाला चिरत एक आवाज.

"ऊर्मीऽऽ! ओढ गं, ऊर्मीऽऽ!"

आईचा आवाज.

समोरची पाठ ताठ झाली. प्रियानेही ती हाक ऐकली होती. आता ही गडबडणार, वल्हं अडकणार, बोट कलंडणार, असं जाईला वाटलं.

पाठ पुढे झुकली. वल्ही पाण्यावर आली.

आणि थांबली. श्वासभर.

मग चारही वल्ही एकदम पडली. धप्प असा एकच आवाज. जाई तो आवाज विसरूनच गेली होती. बोट पाण्यातून उचलल्यासारखी झाली. पुन्हा पाठ झुकली, पुन्हा वल्ही थांबली, पुन्हा एकच आवाज. एका बाजूचे भोवरे ताजे होत गेले, जवळ आले, मग तिथे वल्हं दिसलं, मग वल्हवणारी मुलगी, मग तिचा उघडा पडलेला जबडा. ती बोटसुद्धा मागे पडून समोर दिसू लागली.

शेवटच्या रेषेवर पहिला भोंगा वाजला तो दुसऱ्या कुणाच्या तरी बोटीचा. पुढचा त्यांचा.

वल्ही पाण्यावर आडवी पसरली. काठावर कुणीतरी त्यांच्या क्लबचं नाव घेऊन नाचत होतं. प्रियाचे खांदे धापा टाकत होते.

"दुसऱ्या आलो ना? जाई? फायनल?" तिला बोलवत नव्हतं. "आणि काकूंनी ते... मला हाक मारली ना त्यांनी? मी काय केलं मलाच नाही—" असं म्हणत ती मागे वळायला लागली.

जाईने पुढे वाकून तिच्या पाठीवर ओला तळवा ठेवला.

"वळू नकोस," ती म्हणाली. "इतक्यात नको ना."

प्रिया वळली नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, एकीमागे एक. कुणी वल्हवत नव्हतं, तरी बोट कितीतरी वेळ सरकत होती.