निवृत्तीचा ओढा

तळ्यातले मासे उलटे होऊन तरंगले, तेव्हाच हौसाबाईनं सांगून टाकलं, "वरच्या निवृत्तीच्या उसाचं खत ओढ्यातून उतरतंय." हौसाबाई मच्छीमार सोसायटीची चेअरमन. तिचा शब्द भोईवाड्यानं उचलून धरला. पुढं निवृत्तीची आई वारली, तर खांदा द्यायलाही कुणी गेलं नाही.

आज शहरातून आलेली मॅडम हौसाबाईच्याच होडीतून तळ्याचं पाणी तपासत होती. "मावशी, ओढा तर स्वच्छ आहे. खताचा अंश या कोपऱ्यातच जास्त आहे. इथं काय टाकता?"

"काय टाकणार? माशांची पिल्लं सोडतो. त्यांना शेवाळ खायला मिळावं म्हणून कोंबडीखत..."

बोलता बोलता हौसाबाईचं वल्हं थांबलं. मासे मेल्यावर उरलेली पिल्लं तरी जगावीत म्हणून तिनं आणखी एक ट्रॉली ओतायला लावली होती.

समोरच्या काठावर निवृत्ती आईचा दहावा करत होता. जवळ भटजीशिवाय कुणी नव्हतं. कावळा पिंडाला शिवत नव्हता आणि निवृत्ती हात जोडून पुन्हा पुन्हा विचारत होता, "आई, काय राहिलं गं तुझं?"

काय राहिलं, ते हौसाबाईला कळलं. पण तिनं होडी माघारी वळवली.