लांब पल्ल्याची गाडी

ग्राफिक्स कार्ड तिनं उलटं केलं आणि सरळ नाकाशी नेलं. जळका वास नव्हता. मग पंखे बोटानं फिरवून पाहिले, स्क्रूंच्या खाचा झिजल्यात का ते पाहिलं. शर्टांच्या कारखान्यात ती तयार माल तपासायची. उसवलेली शिवण तिला लांबूनच दिसे. हे जुनं कार्डही तिनं त्याच नजरेनं निरखलं. दुकानदार गालातल्या गालात हसला. तिची ही चौथी खेप होती आणि या ताईंना गंडवता येत नाही, हे त्याला एव्हाना कळून चुकलं होतं.

प्रोसेसर तिनं दोन पिढ्या मागचा घेतला. रॅमची एकच पट्टी घेतली. दुसरीची जागा पुढे कधीतरी भरता येईल म्हणून रिकामी ठेवली. कॅबिनेट कोपऱ्यात चेपलेलं, म्हणून स्वस्त. रंगीत दिव्यांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. फक्त पॉवर सप्लाय कोरा आणि चांगल्यातला घेतला. तिथं हात आखडला तर बाकीचं सगळं एका दणक्यात जाईल, असं दुकानदारानंच तिला बजावलं होतं.

"मुलगा कितवीत आहे?" पिशवी भरता भरता त्यानं विचारलं.

"नवऱ्यासाठी आहे," ती म्हणाली.

नवरा ट्रक चालवायचा. लांब पल्ल्याची गाडी, आठ-आठ दिवस घराबाहेर. तीन वर्षांपूर्वी एका उतारावर गाडी उलटली आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून तो खिडकीकडे पाठ करून पडून असे. 'हं' आणि 'नको' एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. एकदा ती शेजारी बसून मोबाइलवर काहीबाही पाहत होती. त्यात कुणीतरी कॉम्प्युटरवर ट्रक चालवत होतं. त्यानं मान वळवली, थोडा वेळ पाहिलं आणि चढाला हा गिअर टाकतात होय, असं कुत्सितपणे म्हणाला. दोन वर्षांतलं त्याचं ते पहिलं अख्खं वाक्य. दुसऱ्याच दिवशी तिनं रविवारचं जादा काम मागून घेतलं.

दुकानात जोडून घ्यायचे वेगळे पैसे पडत होते. तिनं व्हिडिओ पाहून कॉम्प्युटर घरीच जोडायला घेतला. जमिनीवर चादर अंथरली, नवऱ्याला व्हीलचेअरमध्ये बसवून जवळ आणलं. सगळ्या वायरी लावल्या, बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळाच्या काळा. वर्षभराचे रविवार त्या चेपलेल्या डब्यात होते. तो पुढे वाकून बघत होता. रॅमची पट्टी एका टोकाला नीट बसलेली नाही, असं तो म्हणाला. तिनं अंगठ्यानं दाबली, टक्क आवाज झाला आणि स्क्रीन उजळला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी.

स्टिअरिंगही जुनंच मिळालं, कुणीतरी खेळून कंटाळलेलं. ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, जे जे पायानं करायचं ते तिनं स्टिअरिंगच्या बटणांवर घेतलं. पहिल्याच दिवशी त्यानं माल भरला, डोंगर उतरला, गाडी मुक्कामी पोचवली. इंजिनाचा आवाज बरोबर आहे म्हणाला. आठवडाभरात तो रोज दाढी करू लागला. एकदा जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरला, तेव्हा ती आत जाऊन ओट्याशी उभी राहून रडली. त्याला चव कळायला लागली होती.

मग त्यानं आपण होऊन एक वस्तू मागितली. माइकवाला हेडफोन. त्या खेळात ठिकठिकाणची माणसं येतात, ताफा करून गाड्या चालवतात, वाटेत गप्पा मारतात, असं त्यानं तिला समजावून सांगितलं. ती त्याच दिवशी कामावरून परस्पर दुकानात गेली. त्यानंतर घरात त्याचं हसू ऐकू यायला लागलं. भिंतीपलीकडच्या शेजारणीनंही एकदा तसं बोलून दाखवलं.

त्या दिवशी ती संध्याकाळी घरी आली तेव्हा तो ताफ्यात होता. कान झाकलेले, त्यामुळे त्याला दाराची चाहूल लागली नाही. उद्या खरी गाडी घेऊन निघायचंय, असं तो कुणाला तरी सांगत होता. कालच पुढचे टायर बदलले. क्लच दाबून दाबून डावा पाय भरून आलाय. ती चप्पल काढता काढता थांबली. पण त्याचं खोटं तिला टोचलं नाही. तिथं त्याला पाय होते, गाडी होती. असू देत, असं तिला अगदी आतून वाटलं. तिनं आवाज न करता स्वयंपाक उरकला, ताट वाढलं आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अहो, वाढलंय. जेवून घ्या."

तिचा आवाज माइकनं पकडला असावा. तो क्षणभर ऐकत राहिला; पलीकडून कुणीतरी काही विचारत होतं. मग मागे न बघताच तो हसला.

"छे हो, बायको कुठली? मी एकटाच असतो. त्या स्वयंपाकाच्या बाई आहेत. संध्याकाळी येतात."

तेरा वर्षांच्या संसारात त्यानं तिला पहिल्यांदाच अहोजाहो केलं होतं.