एक्क्यांचे काजू

पत्ते मोजून कुणी जिंकू नये म्हणून कॅसिनोच्या दारात सक्तीची टोपी होती; ती डोक्यावर चढवली, की माणसाची आकडेमोड तीन तास झोपून जायची. आत बेरीज टेबलच सांगायचं. तरीही गणिताच्या निवृत्त शिक्षिका कुमुदिनी केंकरे ब्लॅकजॅकमध्ये जिंकतच होत्या.

पर्यवेक्षक शिरोडकरला त्यांच्या वाटीतल्या काजूंचा संशय आला. एक्का पडला की बाई एक काजू खायच्या. एरवी वाटीला हात नाही. पत्ते संपत आले आणि वाटी अजून भरलेली दिसली, म्हणजे एक्के अजून यायचे असले, की मोठी पैज लावायच्या. जितके एक्के तितकेच काजू घरूनच मोजून आणले होते की काय?

"घेतो हं, मॅडम," म्हणत त्याने मूठभर काजू तोंडात टाकले.

"किती घेतलेस?" बाई ओरडल्या.

शिरोडकर चघळायचा थांबला. त्या दालनात हा प्रश्न आजवर कुणालाच पडला नव्हता.