लाइट गेल्यास मॅच बाद

मंगळवारी संध्याकाळी कावेरीनं आपल्या भावाला, नागराजला, व्हिडिओ गेममध्ये हरवलं. पण तसं काही घडलेलं नाही. अप्पासाहेबांनी तसं जाहीर केलंय, आणि जे. पी. नगरातलं ते गेम पार्लर त्यांचं आहे, तेव्हा आपणही घडलं नाही असंच धरून चालू.

मारामारीच्या मशीनसमोर दोन स्टुलं होती. उजवीकडच्या स्टुलावर कावेरी, ऑफिसातून थेट आलेली, डब्याची पिशवी पायाशी. डावीकडच्या स्टुलावर नागराजचा निळ्या चौकडीचा रुमाल. रुमालावर कुणी नव्हतं. डावीकडची जॉयस्टिक मात्र हलत होती.

नियम साधा होता. जिंकेल तो बसेल, हरेल तो उठेल. गेल्या थंडीत नागराज जिंकत असतानाच मधे उठला, "चहा पिऊन येतो, जागा बघा," म्हणून स्टुलावर रुमाल टाकला, आणि रस्ता ओलांडताना लॉरीखाली गेला. हरलेला नसल्यामुळे तो परत येऊन बसला. अप्पासाहेबांना यात भुताटकी दिसली नाही, नियम दिसला. तरी त्यांनी मेकॅनिक बोलावून पाहिला. मेकॅनिकनं वायरी तपासल्या, दोन मॅच खेळला, दोन्ही हरला आणि मजुरी न घेता निघून गेला.

"हरला की उठेल," आई म्हणाली होती. "उठला की जाईल पुढं. तू शीक तो खेळ. पोराची पाठ भरून आली असेल त्या स्टुलावर."

म्हणून ज्या कावेरीनं आयुष्यात मिक्सरशिवाय कशाचं बटण जोरात दाबलं नव्हतं, ती दर मंगळवारी इथं येऊन मार खाऊ लागली. सुरुवातीला ती सगळी बटणं एकदम दाबायची आणि नुसत्या उड्या मारायची.

"उडू नका की अक्का," अप्पासाहेब गल्ल्यावरनं सांगायचे. ते मूळचे निपाणीकडचे. "उडालेला माणूस खाली येतोच. कुठं उतरणार ते समोरच्याला ठाऊक असतंय."

मग ती जॉयस्टिक मागं ओढून मार अडवायला शिकली. मग एकच गुद्दा, पण वेळेवर मारायला. आणि सगळ्यात उशिरा, आपल्या पैलवानाकडं न बघता समोरच्याकडं बघायला.

बघितलं, तेव्हा तिला नागू दिसला. समोरचा पैलवान खालून लाथेची हूल द्यायचा, आणि ती अडवायला आपण वाकलो की वरून येऊन मानगूट धरायचा. घरी तिच्या ताटातला दोसा पळवताना नागू असाच आधी चटणीकडं हात न्यायचा.

तर मंगळवारी एक-एक अशी बरोबरी झाली होती. शेवटचा डाव. दोघांच्याही लाइफच्या पट्ट्या नखाएवढ्या उरलेल्या. डावीकडून लाथ निघाली.

"चटणी," कावेरी पुटपुटली आणि वाकली नाही. गुद्दा वर मारला.

पैलवान पडला. हे पैलवान पडतात तसा, सावकाश, कण्हत. आणि शेजारच्या स्टुलाचं रेक्झिन, बसलेला माणूस उठायला लागला की फुगतं तसं, रुमालाखाली हळूहळू फुगायला लागलं.

कावेरीनं हात पुढं केला. कशासाठी, ते तिलाही माहीत नव्हतं.

लाइट गेली.

काळोखात पार्लर गप्प झालं. शेजारच्या एसटीडी बूथमध्ये कुणीतरी "हलो, हलो" करून थांबलं. मग मशीनच्या पत्र्यावर बोटांनी ठेका वाजू लागला, हलका, जरासा बेताल. लाइट येईपर्यंत नागू तो असाच वाजवायचा आणि घरी त्यावरून बोलणी खायचा. कावेरी ऐकत बसली. कुणी त्याला "पुरे" म्हटलं नाही.

लाइट आली तेव्हा मशीन पहिल्यापासून सुरू झालं, कुणीच कधी खेळलं नसल्यासारखं. रुमाल जागेवर होता. रेक्झिन दबलेलं होतं.

अप्पासाहेबांनी भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. 'लाइट गेल्यास मॅच बाद. वाद घालू नये.'

"तुम्ही जिंकला होता, अक्का, मी डोळ्यानं बघितलंय. पण बाद म्हणजे बाद. स्वल्प थांबा, परत खेळा."

"सरी अण्णा, बरं, राहू दे आज," कावेरी म्हणाली. इतक्या पटकन, की अप्पासाहेबांनी मान वर करून बघितलं. ती रुमालाची चुरगळलेली कड सरळ करत होती.

"उठला का?" आईनं दारातच विचारलं.

"लाइट गेली."

"म्हणजे बसलाय अजून?"

"बसलाय."

"बरं," आई म्हणाली आणि तिनं तवा गॅसवर ठेवला.

रात्रभर कावेरीच्या मनात मुद्दाम हरायचं येत राहिलं. पण मुद्दाम सोडलेला डाव नागूला लगेच कळायचा. लहानपणी तो अख्खा कॅरम उधळून द्यायचा. जाऊच नये म्हटलं, तर त्याच्याशी दुसरं कोण खेळणार? मेकॅनिक?

बुधवारी तिनं वीज मंडळाच्या ऑफिसात अर्ज दिला. कन्नडमध्ये, सुवाच्य अक्षरात, पोच घेऊन.

'या भागातील सर्व नागरिक वीज जाऊ नये म्हणून अर्ज करतात, याची अर्जदारास कल्पना आहे. तथापि दर मंगळवारी सायंकाळी, शेवटचा डाव संपण्याच्या बेतात असताना, आमच्या रस्त्याची वीज खंडित करण्यात यावी, ही नम्र विनंती. अर्जदार आता बरी खेळू लागली असल्याने विषय तातडीचा समजावा.'